प्रति: पेशी चमकल्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच का?

नायट्रिक ऑक्साइड शोधायला वापरतात ते डीएएफ-२ हे रंगद्रव्य घातल्यावर पेशी हिरव्या चमकल्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड सापडलं, असं वर म्हटलंय. एवढ्यावर थांबू नका. हे रंगद्रव्य नायट्रिक ऑक्साइडला थेट धरतच नाही. आधी नायट्रिक ऑक्साइडची ऑक्सिजनशी गाठ पडून डायनायट्रोजन ट्रायऑक्साइड तयार होतो. तो रंगद्रव्यातल्या शेजारशेजारच्या दोन अमिनो गटांवर ट्रायझोलचं (तीन नायट्रोजन अणूंचं) कडं बांधतो, तेव्हा कुठे ५१५ नॅनोमीटरच्या आसपास उजेड दिसतो. उलट क जीवनसत्त्वापासून बनणारं डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्लही डीएएफ-२शी जुळून जवळपास तसाच हिरवा उजेड देतं, तेही नायट्रिक ऑक्साइडचा मागमूस नसताना! सामू (पीएच) ७ च्या खाली गेला की चमक घसरते, तिथे त्याच कुळातलं डीएएफ-एफएम हे रंगद्रव्य बरं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम रोखणारं एल-नेम घालून चमक उतरते का, ते आधी बघा. जमलं तर ट्रायझोल एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) वेगळं काढूनच मोजा.