लीड्सच्या बागेत सोनटक्का: सल्ला हवा

मोरीकाठ (लीड्स):
नमस्कार मंडळी. माहेरी मोरीच्या पाण्यावर सोनटक्का माजलेला असायचा. श्रावणात तिन्हीसांजेला कळ्या उमलल्या की घरभर वास. तो वास इथे हवाय. गेल्या वसंतात इथल्याच रोपवाटिकेतून कंद आणून अंगणात लावले. पानं छातीएवढी झाली, पण ऑक्टोबरपर्यंत एक कळी नाही. हिवाळ्यानंतर उकरलं तर सगळे कुजलेले. थंडीनेच गेले ना? पुन्हा लावू का?

रानहळद (ब्रिस्टल):
ताई, थंडीपेक्षा हिवाळ्यातली ओल जास्त मारते. उन्हाळ्यात सोनटक्का कितीही पाणी पितो, पण पानं गेली की कंद झोपतो. तेव्हा चिकणमातीत पाणी साचलं तर कुजणारच.

आणि पांढऱ्या सोनटक्क्याला फुलायला लांब, उबदार हंगाम लागतो. लीड्सला तो मिळत नाही, म्हणून तो कुंडीतच बरा. जमिनीत त्याची हिमालयाकडची भावंडं लावा. 'आसाम ऑरेंज' माझ्याकडे सात वर्षं उघड्यावर आहे. वनस्पती शोधत फिरणारे इंग्रज संग्राहक किंग्डन-वॉर्ड यांनी 1938 साली आसामातून आणलेला वाण. ऑगस्टात नारिंगी तुरे येतात, पण वासाला सोनटक्क्याची सर नाही, हे आधीच सांगते. वासासाठी कपूरकचरी लावून बघा. हो, दिवाळीच्या उटण्यातली तीच! फुलं पांढरी, थंडीला काटक.

दक्षिणेकडे तोंड असलेली, उन्हाची भिंत असेल तर तिच्या पायथ्याशी लावा, मातीत खडी आणि पानांचं खत मिसळून, कंद 10 सेंमी खोल. फ्रॉस्टने पानं काळी पडली की दांडे कापा आणि वर 15 सेंमी सुक्या पानांचं आच्छादन.

डोंगरवाट (एडिनबर्ग):
आमच्याकडे तर रॉस्कोयाच. आल्याच्याच कुळातला, उंची जेमतेम गुडघ्याएवढी, जांभळी फुलं ऑर्किडसारखी दिसतात. कंद 15 सेंमी खोल लावले, आच्छादनाशिवाय दरवर्षी उगवतात. त्याला मात्र भिंतीचं कडक ऊन नको, अर्धी सावली द्या.

मोरीकाठ:
किती धीर आला! भिंत आहे, दक्षिणेचीच. पण सोनटक्का सोडवत नाही. कुंडीत फुलेल का? आणि आईकडचे कंद बॅगेतून आणले तर?

रानहळद:
बॅगेतून नका आणू. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय कंद आणता येत नाहीत, आणि कंदाबरोबर रोगही येतात.

कुंडी मोठी घ्या, बादलीपेक्षा मोठी. मार्चमध्ये घरात उबेला ठेवून कोंब काढा, म्हणजे दोन महिने हाती लागतात. जूनपासून बाहेर उन्हात, खाली पाण्याची थाळी, पंधरवड्याला खत. सप्टेंबरात रात्री गारठल्या की कळ्या असोत-नसोत, काचेच्या खोलीत आत घ्या. माझा दोनदा ऑक्टोबरात आतच फुलला. हिवाळाभर पाणी जवळजवळ बंद.

एक राहिलं. जमिनीतले कोंब मे संपेपर्यंत दिसत नाहीत. मेले समजून उकरू नका. मी पहिल्या वर्षी उकरले आणि जिवंत कोंब मोडले.

मोरीकाठ:
मग माझे कधी उकरले होते सांगू? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. एक टोक टणक होतं, तेही फेकलं. या वेळी जूनपर्यंत हात लावणार नाही.