आजोबांच्या नावच्या ट्रस्टचे पैसे हवामान बदलाची माहिती पोचवायला द्यावेत का?

बेदाणा:
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आजोबांच्या नावाने आमचा घरचाच छोटा ट्रस्ट आहे, आजवर स्कॉलरशिप आणि वह्या-पुस्तकं एवढंच काम. आता कारभार आमच्या पिढीकडे आलाय आणि मी नि चुलत बहीण म्हणतोय की दरवर्षी थोडे पैसे हवामान बदलाबद्दल मराठीत नीट सांगणाऱ्या माणसांना द्यावेत. काका म्हणतात पोरांच्या फीचे पैसे लेख-व्हिडिओत कशाला घालायचे, शेतकऱ्याला पाऊस शिकवायला लागतो का. त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण इथं ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली की पाऊस गाठतो, डावणी (बुरशीचा रोग) येते, घड कुजतात, आणि बेदाणा शेडवर वाळत असताना अवकाळी आली की माल काळा पडतो नि दर निम्म्यावर येतो. दरवेळी पारावरची चर्चा "यंदा नशिबानं दगा दिला" इथंच थांबते. हे का होतंय, पुढं काय करायचं हे गावात येऊन सांगणारा एकच माणूस, फवारणीच्या औषधांच्या कंपनीचा. कुठल्या घरच्या ट्रस्टने असं काम केलंय का? आणि करायचं तर कसं?

न्यूजर्सीकर:
केलंय, आणि तेही तेलावर श्रीमंत झालेल्या घराने. जॉन डी. रॉकफेलरने 1870 मध्ये स्टँडर्ड ऑइल काढली, 1911 मध्ये कोर्टाने ती फोडली, त्याच तुकड्यांतून पुढे एक्सॉन आणि मोबिल झाल्या. त्याच्याच वारसांचा रॉकफेलर फॅमिली फंड 1967 पासूनचा. 2015 मध्ये इन्साइड क्लायमेट न्यूज या छोट्या वेबसाइटने एक्सॉनची जुनी अंतर्गत कागदपत्रं काढून दाखवलं की 1977 मध्येच एक्सॉनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञाने वरच्या साहेबांना तापमानवाढीबद्दल सांगितलं होतं. या वेबसाइटला आणि कोलंबिया विद्यापीठातल्या पत्रकारांच्या अशाच शोधकामाला या फंडाचे पैसे होते. एक्सॉनने त्याला आपल्याविरुद्धचा कट म्हटलं. पण पैसे कुणाचे हे उघड होतं आणि कागदपत्रं कुणालाही वाचायला ठेवली होती, त्यामुळे आरोप झाले तरी मजकूर टिकला. मार्च 2016 मध्ये फंडाने स्वतःची कोळसा-तेलातली गुंतवणूकही काढून घ्यायचं जाहीर केलं. तुमचा ट्रस्ट लहान असला तरी हे दोन नियम फुकट पाळता येतात, नाव लपवायचं नाही आणि मजकुरात हात घालायचा नाही.

मिरजेचा सीए:
आधी ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेचा दस्त, काढून उद्देश वाचा. फक्त "शिक्षण" असेल तर शाळा-कॉलेजातलं काम त्यात बसवता येईल, पण वार्ताहराला मानधन द्यायचं तर प्रश्न विचारला जाऊ शकतो. इन्कम टॅक्सच्या धर्मादाय उद्देशांत पर्यावरण रक्षण आहे, पण तुमच्या डीडमध्येही असायला हवं, नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर बदल करून घ्या. उत्पन्नाच्या 85 टक्के उद्देशावर खर्च व्हायला हवेत हे धरून बजेट करा. आणि एक महत्त्वाचं, अमेरिकेतला कुणी भाऊ "मी पण घालतो" म्हणाला तर आधी पासपोर्ट बघा. भारतीय असेल तर अडचण नाही, तिकडचा झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी ती परदेशी देणगी, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय एक रुपया घेऊ नका. नोंदणी करून घेतलीत तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. वर्तमानपत्राच्या संपादक-बातमीदाराला तर असा पैसा घ्यायलाच कायद्याने बंदी आहे.

जुना वार्ताहर:
काकांना येल विद्यापीठाचा 2022 चा भारतातला सर्व्हे दाखवा. निम्म्याहून जास्त लोक म्हणाले ग्लोबल वॉर्मिंगबद्दल फार थोडं माहीत आहे किंवा ऐकलंच नाही, पण दोन ओळीत समजावून विचारल्यावर 84 टक्के म्हणाले हो, हे होतंय. म्हणजे लोकांनी ते अंगावर झेललंय, फक्त ते का होतंय हे कुणी सांगितलेलं नाही. कृपा करून एक दिवसाची कार्यशाळा, बॅनर, नारळ, जेवण यात पैसे घालवू नका. तालुक्याचा वार्ताहर जाहिराती गोळा करून पोट भरतो, आणि औषध दुकानाची जाहिरात घेतलेल्या माणसाने फवारणीवर काय लिहायचं सांगा. अशा एकाला वर्षभराचं मानधन द्या, पेट्रोल द्या, एकच विषय द्या, द्राक्ष आणि पाऊस. तो छाटणीपासून शेडपर्यंत त्याच पाच-सहा बागांत जाईल, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे मागेल, पीक विम्याचा दावा का नाकारला ते विचारेल. लिहिलेलं फुकट छापायला द्या, व्हॉट्सअॅपला ऑडिओ टाका, कारण आमच्या वयाची माणसं ऐकतात जास्त.

बेदाणा:
सगळ्यांचे मनापासून आभार. डीड बघितलं, "शैक्षणिक व सामाजिक उन्नती" एवढंच लिहिलंय, म्हणजे बदल करावाच लागेल. स्कॉलरशिपला धक्का लावायचा नाही, एफडीच्या व्याजातून दर वर्षी जे शिल्लक पडतं त्यातून एक वार्ताहर, असं काकांपुढं मांडतोय. पण त्यांनी आत्ताच विचारलं की तो आपल्याच भावकीच्या शेडबद्दल वाईट लिहिल तर? मी म्हणालो लिहू दे. ते अजून गप्प आहेत. निवड घरातल्या कुणी करू नये असं मला वाटतं, बाहेरची तीन माणसं कुठली घ्यावीत, सुचवा.