‘फॉल्ट रप्चर’ : भेग, तडा, भ्रंश की आणखी काही?

अबोली
मंडळी, एका शब्दाने आठवडाभर अडवलंय. अलास्कातल्या ३ नोव्हेंबर २००२ च्या डेनाली भूकंपावर मुलांच्या मासिकासाठी लेख लिहितेय. भूकंप ७.९ चा, आणि फॉल्ट, म्हणजे जमिनीतल्या खडकाची जुनी तुटलेली रेषा, साधारण ३४० किलोमीटर लांबीवर ‘रप्चर’ झाला. मी लिहिलं, “३४० किलोमीटर लांबीची भेग पडली.” मासिकाच्या ताईंनी ओळीखाली रेघ मारून परत पाठवलं. म्हणाल्या, “पोरं विचारतील, भेग किती रुंद होती? आत पडलं तर?” त्यांचं बरोबर आहे. रुंद अशी नव्हतीच. दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या, एके ठिकाणी तर ८.८ मीटर. हे सांगणारा शब्द हवाय. ‘विदारण’ सुचवू नका. सहावीतल्या भाचीला विचारून पाहिलं, ती म्हणाली, “नरसिंहाने केलं ते?”

कातळ
आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. फॉल्ट ही जागा आहे आणि रप्चर ही घटना. जागेला शाळेच्या भूगोलात प्रस्तरभंग म्हणतात, आम्ही विभंग शिकवायचो, आणि भ्रंशही चालतो. तो लाखो वर्षांपासून तिथे आहे, त्या दुपारी ‘पडला’ नाही. त्या दुपारी तो सुटला. सुरुवात तर डेनाली भ्रंशावर झालीच नाही. सुसितना हिमनदीजवळच्या, तोवर कुणाला ठाऊक नसलेल्या एका भ्रंशावर झाली. तिथे एक बाजू दुसरीवर चढली. मग ते लोण डेनालीवर आलं, पूर्वेकडे दोनशेहून जास्त किलोमीटर धावलं आणि शेवटी तोत्शुंडा नावाच्या फाट्यावर वळलं. हे सगळं दोनेक मिनिटांत. ‘भेग पडली’मध्ये हे धावणं कुठे येतं?

शेवंती
भ्रंश नको हो. मराठी कानाला भ्रंश म्हटलं की बुद्धिभ्रंश. हिंदी पुस्तकातून उचललेला वाटतो. आपल्याकडे ‘तडा’ आहे ना! मडक्याला जातो, काचेला जातो, भिंतीला जातो. आणि तडा ‘जातो’, म्हणजे धावणंही त्यात आलं. माझ्या मते शब्दच आवाजावरून आलाय : तड्, तडकणे, तडा.

कातळ
‘जातो’चा मुद्दा उत्तम, मला सुचला नव्हता. पण भ्रंश परका म्हणू नका. मुळात अर्थच ‘जागेवरून ढळणे’. अपभ्रंश म्हणजे मूळ रूपावरून ढळलेला शब्द. इथे अख्खा डोंगर जागेवरून ढळलाय! तडा गेलेल्या मडक्याचे दोन्ही भाग जागच्या जागी असतात. हे तसं नाही.

पांदण
मी शेतकरी माणूस, भूगर्भातलं कळत नाही. पण भेग मला कळते. एप्रिलात आमच्या काळ्या रानात भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जातो. भेगेला तोंड असतं. आडवं हललेल्याला आम्ही सरळ ‘सरकलं’ म्हणतो. बांध सरकला म्हटलं की गावात कुणालाही चित्र दिसतं. त्या भ्रंशावरून एखादा बांध आडवा गेला असता तर मध्येच तुटून अर्धा आठ-नऊ मीटर बाजूला दिसला असता ना?

अबोली
पांदण, तिथे बांध नव्हता पण पाइपलाइन होती! अलास्काची तेलवाहिनी, चार फूट व्यासाची, नेमकी या भ्रंशावरून जाते. बांधतानाच हे ठाऊक असल्याने तेवढ्या टप्प्यात ती जमिनीत पुरलेली नाही आणि खांबांना जखडलेलीही नाही. जमिनीलगत लांब आडव्या तुळया आहेत, त्यांवर टेफ्लॉन लावलेल्या पावलांवर ती नुसती टेकली आहे. जमीन २० फूट सरकेल असं धरलं होतं, सरकली सुमारे १४. पाइप तुळयांवरून घसरत गेला, काही आधार मोडले, पण तेलाचा थेंब सांडला नाही. म्हणजे इंजिनियरांनी ‘सरकेल’ असं धरलं म्हणून वाचली, ‘भेग पडेल’ असं धरून नाही. मी ‘भ्रंश सरकला’कडे झुकतेय.

शेवंती
मग रप्चरमधली तुटण्याची हिंसा गेली. खुर्चीही सरकते.

उंबरठा
मला पुढचा परिच्छेद कसा केलात ते वाचायचंय. त्या भूकंपाने कडे तुटून हिमनद्यांवर आले. ब्लॅक रॅपिड्स हिमनदीवर तीन प्रचंड लोट आले आणि पात्र ओलांडून पलीकडे पसरले. मॅकगिनिसवरचे तर सुमारे १० किलोमीटर खाली गेले. त्याला काय लिहिलंत?

अबोली
दरडी कोसळल्या.

उंबरठा
इथे मात्र मी भांडणार. दरड म्हटलं की आपल्याला माळीण, तळीये, इर्शाळवाडी दिसतात. पाऊस, चिखल, माती. तिथे नोव्हेंबर, सगळं गोठलेलं, आणि कोरडा खडक फुटून बर्फावरून पाण्यासारखा वाहत गेला. ‘शिळाप्रपात’ म्हणा.

शेवंती
प्रपात म्हणजे धबधबा. मुलं पाणी शोधतील. घाटात रुळांवर येते ती दरड निव्वळ दगडांचीच असते की.

उंबरठा
बरं, पण हिमनदीवर तो थर पडून राहतो ही गंमत लिहा. मी गोमुखला गेलो होतो. मनात पांढरीशुभ्र हिमनदी होती. समोर मुरूम, धोंडे, धूळ, खाणीसारखं. एका धोंड्याखाली हात घातला तेव्हा काळपट बर्फ लागला. धुळीचा पातळ थर ऊन शोषतो आणि बर्फ लवकर वितळवतो. पण थर हातभर झाला की उलटं होतं, गोधडीसारखा बर्फ राखतो. १९६४ च्या अलास्का भूकंपात शर्मन हिमनदीवर असाच कडा आला होता. त्याच्याखालचा बर्फ कमी वितळत राहिला आणि भोवतालच्या उघड्या बर्फाहून उंच दिसू लागला.

कातळ
हे फार महत्त्वाचं आहे. आणि दरडी तिथेच का? भ्रंशाच्या रेषेत खडक हजारो वेळा भरडला गेलेला असतो. हिमनदीला तो कोरायला सोपा, म्हणून ती त्याच रेषेत आपलं पात्र खोदते. ब्लॅक रॅपिड्स आणि कॅनवेल त्याच वाटेने वाहतात. बाजूचे कडे ती खालून खरवडून उभे करून ठेवते. मग एक हिसका पुरतो. बहुतेक मोठ्या दरडी भ्रंशाच्या दोन्ही अंगांच्या अरुंद पट्ट्यातच कोसळल्या. आणखी एक : बर्फावर उमटलेली भ्रंशाची रेघ वाहत्या बर्फाबरोबर काही वर्षांत पुसली जाते, हिमोढावर (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीवर) आणि मातीत ती राहते. म्हणून भूशास्त्रज्ञ पहिल्याच दिवसांत हेलिकॉप्टरने तिच्यावरून फिरले.

शेवंती
हिमोढ! हा शब्द किती मुलांना कळेल? ‘हिमनदीचा गाळ’ म्हणा.

कातळ
गाळ पाण्याचा. तो बारीक आणि निवडलेला असतो. हिमोढात पिठापासून घराएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र. मुलांना शब्द द्यायचेच नाहीत तर ते शिकणार कधी?

शेवंती
शब्द द्यावेत, पण बोलीत सापडला नाही तरच घडवावेत. १८१९ च्या कच्छ भूकंपात रणातून मैलोनमैल उंचवटा वर आला. तिथल्या लोकांनी त्याला नाव दिलं अल्लाबंद. माणसांनी बांधलेला नव्हे, अल्लाने घातलेला बंधारा. कुणाला परिभाषा समितीची वाट पाहावी लागली नाही.

कातळ
ते एका जागेचं नाव झालं. तसा दुसरा उंचवटा दुसरीकडे आला तर त्याला काय म्हणाल?

अबोली
लेख उद्या द्यायचाय. सध्या असं केलंय : “भ्रंश तडकला आणि त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकल्या.” शेवंतीताईंचं तडकणं, पांदणांचं सरकणं, कातळसरांचा भ्रंश. वाक्य लांबलं, पण भाचीने ऐकून दोन्ही तळवे एकमेकांवर घासून दाखवले. ‘दरड’ तूर्त ठेवलीय.

पांदण
दरडीवरून आठवलं. आमच्या आजीच्या तोंडी दरड म्हणजे ओढ्याचा उभा काठ. “दरडीला जाऊ नको” म्हणायची, तेव्हा काही कोसळलेलं नसायचं. दरड तिथे उभीच असायची, कोसळायची ती कधीमधी. आता बातम्यांत कोसळलेल्या ढिगालाच दरड म्हणतात, “दरड हटवली” म्हणतात. तुमच्याकडे उभ्या काठाला दरड म्हणणारं कुणी आहे का अजून?

उंबरठा
आमच्याकडे त्याला ‘धस’ म्हणतात. पण तो तुटलेला असावा लागतो. आईला विचारून सांगतो.