गाडीचं सस्पेन्शन घरी बदलताना : जाणत्यांनी अनुभव लिहा

शॉकअप, लिंक रॉड (गाडीचं झुकणं रोखणाऱ्या सळईला जोडणारा छोटा दांडा), लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा हात), बॉल जॉइंट (त्या आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) ही कामं घरच्या हत्यारांनी होण्यासारखी आहेत. मात्र यात दोन गोष्टी जिवावर बेततात : अंगावर येणारी गाडी आणि दाबलेली स्प्रिंग. ज्यांचा हात या कामावर बसलेला आहे त्यांनी इथं नेमकं लिहावं. कुठला नट कधी सोडायचा, कशाला आधार द्यायचा, काय बिघडतं आणि का बिघडतं. किस्से नकोत, तपशील हवेत. टॉर्कचा (नट किती जोरानं कसायचा त्याचा) आकडा मात्र ज्यानं त्यानं आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. एकाच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या वर्षांत बनलेल्या गाड्यांतही तो बदललेला असू शकतो.

* * *

सुरुवात उचलण्यापासून. जमीन सपाट आणि टणक हवी. माती, उतार, सैल फरशी चालणार नाही; उन्हानं मऊ झालेल्या डांबरातही स्टँडचे पाय रुततात. पुढचा भाग उचलायचा तर मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. मागचा भाग उचलताना पुढच्या चाकांना ठोकळे लागतातच, कारण हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो आणि ती तर हवेत गेलेली असतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करून ठेवा.

ट्रॉली जॅक गाडी उचलताना थोडा पुढे सरकतो, सरकलाच पाहिजे. त्याची चाकं अडली तर तो गाडीच्या टेकूवरून निसटतो. उचलल्यावर दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, तेही कंपनीनं दाखवलेल्या जागीच. मग जॅक हळूहळू खाली सोडून वजन स्टँडवर घ्या आणि गाडी हातानं जोरात हलवून पाहा. हलायची असेल तर ती आत्ता हलू दे, तुम्ही खाली असताना नको. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे आधाराला कधीही नकोत. ते इशारा न देता फुटतात.

* * *

स्ट्रटबद्दल (शॉकअप आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी) लिहितो, कारण खरा धोका तिथंच आहे.

बॉनेट उघडलं की स्ट्रटच्या डोक्यावर बाहेरचे दोन-तीन नट आणि मधोमध एक मोठा नट दिसतो. बाहेरचे नट स्ट्रटला बॉडीशी धरतात. मधला नट दाबलेल्या स्प्रिंगला धरतो. स्प्रिंगवर कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) चढलेला नसताना मधल्या नटाला पाना लावायचा नाही.

काढण्याचा क्रम असा : ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या क्लिपमधून मोकळी करा, लिंक रॉड स्ट्रटला बसत असेल तर तो सोडा, मग नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट. बऱ्याच गाड्यांत या बोल्टच्या मानेवर दाते असतात, म्हणून बोल्ट धरून ठेवा आणि नट फिरवा. बोल्टच फिरवला तर भोक खराब होतं. वरचा बोल्ट कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळवण्याचा असेल तर आधी त्याची खूण करून घ्या. नकल तारेनं बांधून ठेवा. ती बाहेर झुकली तर होज ताणला जातोच, शिवाय ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट सुटू शकतो. शेवटी वरचे बाहेरचे नट, एका हातानं स्ट्रट खालून धरून.

कंप्रेसरचे दोन्ही दांडे एकमेकांच्या अगदी समोर, १८० अंशांवर. आट्यांना आधी तेल. कंप्रेसरच्या आकड्यांना (हुकांना) सुरक्षा पिना असतील तर त्या लावा. मग एकदा ही बाजू, एकदा ती, प्रत्येकी दोन-दोन फेरे, साध्या पान्यानं. इम्पॅक्ट गन इथं नको. आटे तापून झिजतात आणि एक बाजू पुढे पळते. स्प्रिंग वाकडी होऊ लागली तर थांबा, सैल करा, पुन्हा लावा. स्प्रिंग बैठकीवर हातानं फिरू लागली की पुरे. त्यापुढे दाबण्यात फायदा काहीच नाही. पूर्ण वेळ डोळ्यांना चष्मा, आणि स्प्रिंगच्या दोन्ही टोकांसमोर कुणीही उभं राहू नये. दाबलेली स्प्रिंग तशीच रात्रभर ठेवू नका.

जोडताना स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला टेकलेलं असावं. कंप्रेसर सोडताना हे दोनदा बघा. वरचं माउंट, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला तर धक्का झेलणारं रबर) आणि धूळकव्हर याच वेळी नवं घालणं शहाणपणाचं, नाहीतर थोड्याच दिवसांत हेच सगळं पुन्हा उघडावं लागतं. ज्यांच्याकडे चांगला कंप्रेसर नाही त्यांनी स्प्रिंगसकट तयार जोडणी घ्यावी, माझं स्पष्ट मत आहे.

* * *

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. आडव्या पडून राहिलेल्या नळकांड्यातली हवा जागेवर जाते. दांडा पकडीनं धरू नका. क्रोमवर एक ओरखडा पडला तरी सील कापलं जातं आणि तेल गळू लागतं. दांड्याच्या टोकाला ॲलन कीची जागा असते, ती वापरा. शॉकअप नेहमी जोडीनं बदला. गॅसच्या जुन्या शॉकअपला आच देऊ नका.

* * *

लोअर आर्मचे नवे बुश (सांध्यातली रबरी नळकांडी) वर्षभरात फाटतात, आणि दोष मालाला दिला जातो. कारण बहुतेक वेळा बोल्ट कसताना आर्मची जागा चुकलेली असते. रबरी बुशची आतली नळी बोल्टानं घट्ट आवळली जाते, बाहेरची आर्मबरोबर फिरते, मधलं रबर पिळलं जातं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट कसला तर गाडी खाली आली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं.

म्हणून काम सुरू करण्याआधी, गाडी चाकांवर असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजून लिहून ठेवा. आर्म बसवताना बोल्ट फक्त हातानं लावा. मग बॉल जॉइंटजवळ आर्मखाली जॅक देऊन हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत तेवढंच अंतर येईपर्यंत उचला आणि तेव्हा टॉर्क रेंचनं कसा. गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर थांबा, आणि गाडी चाकांवर उतरवून शेवटचं कसणं तिथं करा. मागच्या शॉकअपच्या बुशलाही हाच नियम.

* * *

बॉल जॉइंट सुटत नसेल तर स्टडच्या (जॉइंटच्या आटे असलेल्या दांड्याच्या) टोकावर हातोडी मारू नका, आटे दबतात. नट चार आट्यांवर ठेवा, आर्मला पहारेनं खाली ताण द्या आणि नकलच्या डोळ्यावर (स्टड बसतो त्या भोकाभोवतीच्या भागावर) बाजूनं घणाचे दोन-तीन ठोके द्या. निमुळत्या उतारावर बसलेला स्टड डोळा हादरल्यानं सुटतो. दोन दात्यांचा फोर्क रबरी बूट फाडतो, म्हणून जुना जॉइंट फेकायचाच असेल तरच तो वापरा.

बसवताना स्टडचा उतार आणि डोळा कोरडा पुसून घ्या. तिथं ग्रीस नको. कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून घालायच्या पिनचं) भोक जुळत नसेल तर नट पुढे कसत न्या, मागे कधीही आणू नका. नायलॉनचा लॉकनट एकदा काढला की नवा.

* * *

लिंक रॉड हे सर्वात सोपं काम, फक्त दोन्ही चाकं एकदम उचललेली हवीत. एकच उचललं तर अँटीरोल बार (झुकणं रोखणारी ती सळई) पिळलेला राहतो आणि रॉड भोकात बसतच नाही. नट सोडताना स्टड गोल फिरतो. त्याच्या टोकाला ॲलन की लावून धरा. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारलं तर अर्धी झटापट वाचते.

* * *

मागे बीम ॲक्सल (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तर शॉकअपचा खालचा बोल्ट सोडण्याआधी बीमला जॅकचा टेकू द्या. बीमची खाली जायची मर्यादा बऱ्याच गाड्यांत शॉकअपच ठरवतो. टेकू नसेल तर बीम एकदम खाली येतो, स्प्रिंग बाहेर उडते, ब्रेकचा होज ताणला जातो. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीला हात लावा. एअर सस्पेन्शन असेल तर हवा सोडण्याची पद्धत मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय काही उघडू नका.

* * *

चाकाचे नट चांदणीच्या क्रमानं आधी हलके, गाडी खाली आल्यावर टॉर्क रेंचनं पूर्ण. निघण्याआधी ब्रेक पेडल दोन-तीन वेळा दाबा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज कुठं घासत नाही ना ते बघा. स्ट्रट, आर्म किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) उघडला असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागतंच, तिथपर्यंत हळू चालवा. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांच्या आणि सस्पेन्शनच्या प्रत्येक नटाला पुन्हा टॉर्क रेंच लावा. काम झाल्यावर प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ नट ओलांडून ओढली असेल तर सैल झालेला नट नुसत्या नजरेनं कळतो.