मिनियापोलिसचा दगडी रेल्वेपूल: दोन कमानी पाडल्या ते बरोबर होतं?

कातळवेडा (धागाकर्ता)
मिसिसिपीवरचा हा पूल जेम्स हिल या रेल्वेसम्राटाने १८८३ साली बांधला. ग्रॅनाइट आणि चुनखडीच्या २३ कमानी. लोक तेव्हा ‘हिलचा वेडेपणा’ म्हणून हिणवायचे. १९७८मध्ये गाड्या थांबल्या, १९९४पासून चालणारे आणि सायकलवाले वापरतात. जतनाचा नमुना म्हणून सगळे याचंच नाव घेतात. पण सेंट अँथनी धबधब्यापाशी बोटी वर चढवण्यासाठी लॉक (दारं लावून आत पाणी भरायचं, की बोट वर उचलली जाते अशी कोठी) बांधलं, तेव्हा त्यांना वाट द्यायला दोन कमानी पाडून लोखंडी सांगाडा बसवला. ते लॉक १९६३ला सुरू झालं आणि २०१५ला बंद! कारण काय, तर परदेशी कार्प मासे वर शिरू नयेत. ५२ वर्षांच्या सोयीपायी दोन कमानी कायमच्या गेल्या.

हिशेबी
असहमत. तेव्हा तो वारसा नव्हता, रोज गाड्या नेणारा पूल होता. २०१५चं शहाणपण १९६३च्या माणसांच्या माथी का मारायचं? १९६५च्या पुरात याच पुलाचे खांब खचले, तर रेल्वेने दुरुस्त करून पुन्हा गाड्या सोडल्या. वारसाप्रेमाने नव्हे, गरज होती म्हणून. २१ कमानी उरल्यात, त्यात समाधान माना. आपला खंडाळ्याचा अमृतांजन पूल २०२०च्या लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा मिळताच सुरुंग लावून अख्खाच उडवला.

कातळवेडा
अमृतांजनचे खांब एक्सप्रेसवेच्या ऐन वाटेत होते, वाहतूक तुंबायची. तिथे निदान रोजची अडचण तरी होती. इथे नदीतल्या मालवाहतुकीच्या भरवशावर कमानी गेल्या, आणि आता ती वाहतूकही नाही.

नदीकाठची
दोघेही १९६३मध्येच अडकलात. खरं भांडण दगडांमधल्या सांध्यांच्या फटी कशाने भरायच्या याचं असतं. जुन्या चुनखडीत कडक सिमेंट कोंबलं की आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मिनेसोटाच्या थंडीत ते गोठतं, फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. राज्याच्या परिवहन खात्याने नुकतीच मोठी दुरुस्ती काढली होती, त्यात दगड आणि सांधे हेच मुख्य काम. एवढ्या पैशावर बोला की!

हिशेबी
तेच म्हणतोय. गाडी चालू असली की खर्च रेल्वेच्या बोकांडी, बंद पडली की करदात्याच्या. फिरायला येणारा तिकीट थोडंच काढतो?

नदीकाठची
रस्त्यावरच्या फुटपाथचं काढता का?

कातळवेडा
मग आता लॉक बंदच आहे, तर त्या दोन कमानी पुन्हा उभाराव्यात. दगड मिळतो, कारागीरही मिळतील.

नदीकाठची
अजिबात नको. पुलावरून चालताना दगडी कठडा संपून एकदम लोखंडी जाळी लागते, तिथे माणूस थबकतो, खाली लॉक बघतो. नवी कमान बांधून ते झाकायचं कशाला?

हिशेबी
आणि पैसे कोण देणार, ते आधी सांगा.