हिरवं दाबते तरी फोन उचलला जात नाही. पहिलाच टच फोन आहे, कोणी नीट सांगेल का?

कलमवाली काकी (देवगड तालुका):

नमस्कार. माझं वय ६२. आजवर बटणांचाच फोन वापरला. दिवाळीत मुलगा मुंबईहून आला तेव्हा टच फोन देऊन गेला. चार दिवस राहिला, त्यातले दोन पाहुण्यांत गेले. निघताना म्हणाला, "आये, सोप्या आसा, हळूहळू जमतला तुका." आता कलमांना मोहर आलाय आणि मला अजून आलेला फोन उचलता येत नाही.

हे सगळं मी बोलून लिहिते आहे. शेजारची नववीतली मुलगी माईकची खूण दाबून देते, मी बोलते, मग ती वाचून दाखवते आणि चुकलेलं सुधारते.

मला शिकायचं का आहे ते आधी सांगते. कातळावर आमची घरची सत्तर कलमं आहेत. हे होते तोवर पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे फोन तेच घ्यायचे. नाव, पत्ता, किती डझन, पैसे आले की नाही, सगळं एका लांब वहीत लिहायचे. हे जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या हंगामात निम्मी गिऱ्हाइकं सुटली. कोणी वाकडं बोललं नाही. पण "काकी, आंब्याचा फोटो पाठवा", "पैसे कुठे टाकू, क्यूआर पाठवा" असं विचारलं की मी म्हणायचे, मुलाला विचारून सांगते. मुलगा कामावर. रात्री त्याचा फोन येईपर्यंत गिऱ्हाइकाने दुसरीकडून पेटी घेतलेली असायची. उरलेला माल मग दलालाला घातला, मिळेल त्या भावात. शिवाय २०२१पासून ई-पीक पाहणी फोनवरून सुरू झाली, तर सातबाऱ्यावर कलमांची नोंदसुद्धा मी दुसऱ्याच्या हाताने करून घेते. वही माझ्याकडे आहे. त्यातली माणसं मला ओळखतात. मला फक्त त्यांच्यापर्यंत पोचायचं आहे.

आता अडचण. फोन वाजतो, हिरवं गोल दिसतं, मी दाबते. जोर लावून दाबते. तो वाजत राहतो आणि बंद होतो. दुसरं, काही वाचत असले की मधेच काळोख होतो. पहिल्यांदा झालं तेव्हा फोन बिघडला असं वाटून तीन दिवस कपाटात ठेवून दिला होता. तिसरं, चित्रं जागा सोडतात. व्हॉट्सॲपचं चित्र परवा नाहीसंच झालं, मुलीने ते दुसऱ्या पानावर शोधलं.

आणि सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो तर, कोणालाही विचारलं की तो फोन माझ्या हातातून घेतो. चार ठिकाणी बोट फिरवतो, "झालं बघ" म्हणतो आणि परत देतो. मुलगा तेच, भाचा तेच. दुकानात गेले तर म्हणाले, कोणाला तरी सोबत घेऊन या. काय झालं ते मला कधी दिसतच नाही. म्हणून इथे विचारते. इथून कोणी माझ्या हातातला फोन घेऊ शकत नाही.

मोबाईल दुरुस्ती (कणकवली):

काकी, फोन चांगला आहे. हिरवं गोल दाबायचं नसतं, सरकवायचं असतं. बोट टेकवा, न उचलता वर न्या, मग सोडा. काही फोनांत वर, काहींत बाजूला. त्या गोलाजवळ बारीक बाण दिसेल, तो जिकडे तिकडे.

जोर अजिबात नको. जुन्या बटणाला जोर लागायचा, ही काच दाब ओळखत नाही. आपल्या अंगातून थोडी वीज वाहू शकते, बोट टेकलं की काचेखालच्या विजेत किंचित फरक पडतो आणि तो फरक फोन ओळखतो. म्हणून नखाने काही होत नाही. कामाने टणक झालेल्या कोरड्या कातडीने कमी होतं. ओल्या बोटाने भलतीकडेच होतं. माझ्याकडे काजू फॅक्टरीतल्या बायका येतात, काजूच्या तेलाने बोटं इतकी सोललेली असतात की फोनवर ठसा लागत नाही. त्यांना मी आकड्यांचं कुलूप लावून देतो. तुमचीही बोटं चिकाने आणि कामाने तशीच झाली असणार. मधल्या बोटाचं मऊ पेर वापरून बघा, हात पुसून. काचेवर जाड संरक्षक काच चिकटवली असेल तर तीही आड येते.

काळोख होतो तो बॅटरी वाचवायला. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात स्क्रीन टाइमआउट. तिथे बहुतेक ३० सेकंद असेल, ५ मिनिटं करा. बॅटरी जरा जास्त जाईल, जाऊ दे. चित्रं हलतात कारण बोट जास्त वेळ टेकलेलं राहतं, फोन समजतो की तुम्हाला ते चित्र उचलून दुसरीकडे ठेवायचंय. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतं, ते 'लाँग' करा. बऱ्याच फोनांत होम स्क्रीनला कुलूप लावायची सोयही असते.

आणखी एक. स्क्रीनच्या तळाला नुसती आडवी रेघ आहे की तीन खुणा आहेत? रेघ असेल तर नेव्हिगेशनमध्ये जाऊन तीन बटणं घ्या. मधलं बटण म्हणजे घर. कुठेही अडकलात तरी ते दाबलं की पहिल्या पानावर.

पावसाळ्यासाठी आत्ताच सांगून ठेवतो: चार्जिंगच्या भोकात ओल गेली तर फोन तांदळात ठेवू नका, भुसा आत जाऊन बसतो. पुसून वाऱ्यावर ठेवा, सुकेपर्यंत चार्जर लावू नका.

मासळीवाली (हर्णै):

काकी, तुमचं लिहिणं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझं वय ५८. बंदरावर लिलावात मासळी घेते आणि दापोलीत विकते. मी २०१९ला शिकले, मासेमारी बंदीत. त्या वर्षी १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर होत्या, हातात वेळ होता.

दुरुस्तीवाल्या भाऊंनी बोटाचं सांगितलं ते खरं, पण बोटाला ते कसं कळायचं? मला असं कळलं. काही उघडायचं असेल तर टिकली लावतो तसं बोट. टेकवलं, सोडलं. फोन उचलायचा तर कपाळाला कुंकू ओढतो तसं, खालून वर, हलक्या हाताने. कुंकू लावताना कोणी कपाळ दाबत नाही. मी आधी आरशासमोर उभी राहून स्वतःच्या कपाळावर दोन्ही करून बघितलं, मग फोनवर. त्या दिवसापासून चुकलं नाही.

दुसरं, एका वेळी एकच. माझी लेक चिपळूणला असते. तिला सांगितलं, रोज चार वाजता मला पाच वेळा फोन कर. मी उचलणार आणि ठेवणार, बोलायचं काही नाही. आठ दिवस एवढंच केलं. नवव्या दिवशी फोन वाजला तेव्हा माझ्या हाताला काही विचारावं लागलं नाही. मग फोटो काढायचा, आठ दिवस तेवढंच. मग फोटो पाठवायचा. दोन महिन्यांत पाच-सहा गोष्टी आल्या, पण त्या माझ्या झाल्या.

तिसरं, शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे. मी नातवाला तसंच उभं करायचे. तोंडाने सांग, बोट माझं फिरेल. पोरगा चुळबुळायचा, "आजी, मी पटकन करतो ना" म्हणायचा. नाही म्हणजे नाही. त्याने केलेलं त्याला येणार, मला नाही. तुमच्या शेजारच्या मुलीला आजच हे सांगा.

वही टाकू नका. मी वहीत प्रत्येक चित्र काढून त्याच्यापुढे काय होतं ते लिहिलं होतं, नंबरही सगळे त्यातच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, छपरं उडाली, माड आडवे झाले, वीज गेली, टॉवर बंद. माझा फोन मेलेला. काही दिवसांनी एकाच्या फोनला रेंज मिळाली तेव्हा लेकीचा नंबर वहीतून बघून लावला. ती तिकडे रडत बसली होती.

कलमवाली काकी:

ताई, आरशासमोर उभी राहिले. कुंकू मी आता लावत नाही, पण बोटाला आठवण आहे. संध्याकाळी मुलीने तिच्या आईच्या फोनवरून फोन लावला आणि हात मागे घेऊन उभी राहिली. पहिल्यांदा मी परत दाबलंच. ती म्हणाली, "आजये, दाबू नको, सरकव." दुसऱ्या वेळी मधलं बोट टेकवलं, वर नेलं, आणि फोनमधून तिच्या आईचा आवाज आला. आई मागच्या दारी होती, तिचा आवाज तिकडूनही येत होता आणि फोनमधूनही. मी सात वेळा केलं. पाच वेळा जमलं.

पाच मिनिटांचं केलं, तीन बटणं आली. आता पैशांचं विचारते. मुलगा म्हणतो यूपीआय सुरू करून देतो. मला भीती आहे की भलतीकडे बोट लागलं तर खात्यातले पैसे जातील.

मोबाईल दुरुस्ती (कणकवली):

नुसतं बोट लागून पैसे जात नाहीत, काकी. पैसे जायला एरवी तुमचा यूपीआय पिन टाकावा लागतो. पैसे यायला पिन लागतच नाही, हे मनात पक्कं करा. कोणी म्हणालं की पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका, तर तो चोर.

पण त्याआधी एक बघा. बँकेत खात्याला कोणता नंबर जोडलाय? तुमच्या फोनमधलं सिम आणि तो नंबर एकच हवा, नाहीतर यूपीआय सुरूच होत नाही. बऱ्याच घरांत बायकोच्या खात्याला नवऱ्याचा नंबर असतो. तसं असेल तर बँकेत अर्ज देऊन तुमचा नंबर लावून घ्या. हंगामाच्या आधी, आत्ताच.

मासळीवाली (हर्णै):

यात माझंही ऐका, कारण आंबेवाल्यांना हे फोन हंगामात येतातच. आमच्या ओळखीतल्या एका बागायतदाराला फोन आला: मी लष्करात आहे, कॅन्टीनसाठी पन्नास पेट्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. बोलणं इतकं गोड की कोणालाही खरं वाटावं. स्कॅन केला, पिन टाकला, पैसे गेले. तुम्ही आंबे देणार तर क्यूआर तुमचा असतो, गिऱ्हाइकाचा नाही.

पैसे टाकल्याचा फोटो कोणी पाठवला तर त्यावर पेटी सोडायची नाही. खात्यात आले का ते स्वतः बघायचं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एखादी फाईल आली आणि उघडताना 'इन्स्टॉल' विचारलं तर तिथेच थांबायचं, पत्रिकेला इन्स्टॉल लागत नाही. वीज तोडतो, अटक करतो असं सांगणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्यायचा. आणि चुकून फसलातच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

चाकरमानी (डोंबिवली, गाव राजापूर तालुका):

मी विचारायला नाही, सांगायला लिहितोय. काकी, तुमच्या मुलाच्या जागी मी आहे. बाबांना गणपतीत फोन दिला आणि प्रत्येक वेळी त्यांच्या हातातून घेऊन मीच करून दिलं. मला वाटायचं मी मदत करतोय. बाबा आता फोन चार्ज करून देवाजवळ ठेवतात, वापरत नाहीत. विचारलं की म्हणतात, "तू येशील तेव्हा बघू." काल तुमचं वाचून त्यांना फोन केला, जुन्या फोनवर. म्हटलं, उद्यापासून रात्री नवाला नव्या फोनवर पाच वेळा करणार, बोलायचं काही नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आठला कर, नवाला डोळे मिटतात.

कलमवाली काकी:

बाळा, आठला करच. चुकवू नकोस.

माझं सांगते. बँकेत खरंच यांचाच नंबर निघाला. अर्ज दिला, आधार दाखवलं, काही दिवसांनी माझा नंबर लागला. मुलगा रविवारी व्हिडिओवर होता. त्याला म्हटलं, तू नुसतं बोल. पिन मी ठरवला, त्यालाही सांगितला नाही. क्यूआर निघाला. तो पाठवायचा कसा हे अजून आठ दिवसांचं काम आहे.

आज सकाळी सड्यावर गेले. दक्षिणेकडच्या कलमावर कैरी धरली आहे, वाटाण्याहून थोडी मोठी. फोटो काढला. पहिला हलला. दुसऱ्यात माझीच सावली आली. उन्हाकडे पाठ न करता बाजूला उभी राहिले तेव्हा तिसरा नीट आला, मोहराची काडीसुद्धा दिसते. वहीतलं पहिलं नाव पुण्याच्या एका बाईंचं आहे, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांना तो पाठवला. कोणी जवळ नव्हतं, सगळं मीच केलं. खाली लिहायला माईक दाबला आणि म्हणाले, यंदा मी स्वतः पाठवणार आहे.

त्यांचं उत्तर आलंय, पण लिहिलेलं नाही. एक खूण आहे आणि पुढे बारीक रेघांची लांब ओळ. मुलगी शाळेत आहे. ती यायच्या आत मला कळायला हवं. हे काय आहे?

मासळीवाली (हर्णै):

त्या बोलल्या आहेत, काकी. ओळीच्या डावीकडे त्रिकोण आहे ना, त्यावर टिकली. मग फोन कानाला लावा, म्हणजे फक्त तुम्हालाच ऐकू येईल.