घरी लाकडी बाण करायचेत, सोलापुरात कांडी कुठली घ्यावी?

माळरानी
नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला राहतो. लाँगबो (लांब, साधं लाकडी धनुष्य) आहे, २८ इंच ओढलं की ४० पाउंड जोर. माझी ओढ २७ इंच, उजव्या हाताने ओढतो. धनुष्याबरोबर मागवलेले तयार लाकडी बाण सगळेच्या सगळे डावीकडे जातात. जवळून वीतभर, लांबून हातभर. उभं राहणं, नेम, सोडणं सगळं बदलून बघितलं. त्यातले काही दगडावर जाऊन मोडले आणि नव्या डझनाचा भाव बघून घरीच करायचं ठरवलंय.

कांडीसाठी, म्हणजे बाणाच्या दांड्यासाठी, हार्डवेअरमधली तयार गोल दांडी चालेल का? की बुरूड आळीतून बांबू आणू? मोराची पिसं घरात पडून आहेत, ती लावली तर? कार्बन घे म्हणून कृपया सांगू नका, थ्रीडीच्या (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम मारायच्या स्पर्धेच्या) लाँगबो गटात बाण लाकडीच लागतात.

जॉबरकाका
अरे बाबा, कांडी कुठली ते नंतर. आधी आहेत ते बाण मोज. उजव्या हाताच्या माणसाचा बाण कायम डावीकडे जातो म्हणजे नव्वद टक्के कांडी ताठ आहे. लाँगबोला मधोमध कापलेली जागा नसते. बाण सुटला की धनुष्याच्या कुशीला लवतो, वळसा घालतो आणि पुढे जाऊन सरळ होतो. ताठ कांडी लवतच नाही, मग ती डावीकडे ढकलली जाते. फार मऊ असली तर उजवीकडे जाईल.

मोजायला यंत्र विकत घेऊ नको. फळीवर दोन खिळे मार, मधलं अंतर २६ इंच, म्हणजे ६६० मिलिमीटर. कांडी त्यावर आडवी ठेव, बरोबर मध्यावर २ पाउंडाचं, म्हणजे ९०७ ग्रॅमचं वजन टांग. वाळू भरलेली पिशवी चालते, वाण्याकडून तोलून घे. कांडी किती मिलिमीटर खाली लवली ते बघ आणि ६६० ला त्या आकड्याने भाग. १६.५ लवली तर ४० पाउंडाची कांडी, म्हणजे तेवढ्या जोराच्या धनुष्याला जुळणारी, १३.२ लवली तर ५० ची. तुझ्या ओढीला तुझं धनुष्य अडतीसच्या आसपास भरत असणार, तेव्हा तुला ३५ ते ४० मधली पाहिजे.

एक बघ, टोकाला लाकडाच्या वयाच्या रेषा दिसतात ना, त्या उभ्या ठेवून वजन टांगायचं. कांडीची ती बाजू जास्त ताठ असते आणि तीच धनुष्याला टेकली पाहिजे. म्हणून दोरीची खाच कापताना रेषांना काटकोनात काप. रेषांच्या दिशेने कापलीस तर दोरी पाचरीसारखी आत घुसून कांडी उभी चिरते.

हार्डवेअरची दांडी घेऊ नको असं नाही, पण शंभरातून दहा निघाल्या तर नशीब. ती करवतीने कापून गोल केलेली असते, रेष कुठे जाते याचं कुणाला काही पडलेलं नसतं. रेष अर्ध्यातच कडेला बाहेर पडली की ती कांडी बाद, झाडाला काठी कर. माझी पद्धत अशी: वखारीतून बिनगाठीची पाइनची फळी, सरळ रेषेची. कापायची नाही, कोयत्याने फोडायची. फोडताना लाकूड स्वतःच रेष दाखवतं. मग व्ही आकाराच्या खाचेत ठेवून रंध्याने चौकोनी, कोपरे मारून अष्टकोनी, आणि शेवटी ड्रिलला लावून घासपेपर हातात धरून फिरवायची. सागवान नको, जड होतं.

पिसांचं: मोर, घार, गिधाड यांच्या नादी लागू नकोस, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पडलेलं काही उचललंस तर आणखी भानगड. टर्कीची पिसं पाकिटात मिळतात. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, डावी-उजवी मिसळली की बाण गिरकीच नीट घेत नाही. दोन्ही टोकांना सुताने आवळून बांध. सोलापुरात मर्सराईज्ड सुताला काय तोटा? मागाखाली पडलेली टोकंसुद्धा पुरतात.

माणगा_कुडाळ
काकांशी सहमत, पण बांबूला विसरू नका. आमच्याकडे कोकणात माणगा भरीव असतो. तुमच्या बाजूला बुरूडांकडे मानवेल मिळेल, तोही जवळजवळ भरीव. ओला घेऊ नका. तीन वर्षांपुढचा, सावलीत महिनोन्महिने वाळलेला मागा. शेंड्याकडच्या बारीक काठ्या निवडा, जाड टोक पुढे फाळाकडे (धातूच्या टोकाकडे), बारीक टोक मागे खाचेकडे. गाठी नुसत्या कानसीने साफ करा, खोल घासलंत तर तिथेच मोडेल. वाकडी असेल तर निखाऱ्यावर फिरवायची, उलट वाकवून थंड होईपर्यंत धरून बसायची. गॅसवरही होतं, पण घरात कुणी नसताना करा.

नेमबाज_पिंपरी
एक सूचना, कारण ती कुणी देत नाही. लाकडी बाण मारण्याआधी दरवेळी दोन्ही हातांनी हलका वाकवून बघायचा, कानाजवळ धरून. कुरकुर ऐकू आली की मोडून टाकायचा. सुटताना फुटलेला बाण धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. हलका बाणही नको. पाउंडाला ९ ग्रेन धरले तर ४० पाउंडाला ३६० ग्रेन, म्हणजे २३ ग्रॅमच्या पुढे. सोनाराच्या छोट्या काट्यावर तोला आणि डझनात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक ठेवू नका. निशाण एकाच ठिकाणी लागायचं तर बाण एकमेकांसारखे पाहिजेत, भारी लाकूड असून भागत नाही.

माळरानी
काका, मोजलं! उरलेले सगळे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास लवतात. म्हणजे ५७? मग हे फेकून द्यायचे का? जाडी ८.७ मिलिमीटर आहे. वजन २७ ग्रॅम भरलं.

जॉबरकाका
फेकतोस कशाला? ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने कमी होतो. जाडी दहा टक्के उतरवली की एक तृतीयांश ताठपणा गेला. तुझी ८.७ ची ७.९ वर आणलीस की ३८ च्या घरात येते. वजन २७ आहे ना, घासून चारेक ग्रॅम उतरलं तरी काठावर बसेल, पण प्रत्येक बाण काट्यावर ठेवत जा. कमी भरला तर फाळ १०० ग्रेनचा काढून १२५ चा बसव. त्याने कांडी आणखी मऊ वागते, तेव्हा थोडी कमी घास.

फाळामागची दोन इंच तशीच सोड, नाहीतर फाळ कांडीपेक्षा जाड होऊन काठ तयार होईल, तो निशाणात अडकतो. पिसांखालीही हात लावू नको. बाकीच्या अंगावर आधी ८० चा घासपेपर, मग १८०, मग ३२०. दहा-बारा वेळा फिरवलास की लगेच खिळ्यांवर ठेवून मोज. घासून घालवलेलं परत येत नाही. शेवटी लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाने दोन हात मार. जवसाचं तेल लावायचं असेल तर सगळ्यात शेवटी, तेलावर पिसं चिकटत नाहीत.

आणि निशाण गवताचं करतोयस का? टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या किलोवर मिळतात, एमआयडीसीत विचार. पोत्यात ठासून भर. बाण अलगद थांबतो, ओढताना फाळ आत राहत नाही. उन्हाळ्यात बाण गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नको, चैत्र-वैशाखात सोलापूरला कांडी एका रात्रीत वाकडी होते. आडवे, सपाट, फळीवर ठेव.

माळरानी
चिंध्यांची सोय झाली, मामांचा माग अक्कलकोट रोडलाच आहे. एका बाणाला घासायला सुरुवात केलीय, सध्या १३ लवतो. काका, खाच प्लास्टिकचीच ठेवू की लाकडातच कापू?

जॉबरकाका
या बाणांना प्लास्टिकचीच राहू दे. पुढच्या पाइनच्या कांड्यांना लाकडात काप, पण खाचेखाली बोटभर सूत घट्ट गुंडाळून अ‍ॅराल्डाइटने भिजव. नुसत्या लाकडाच्या भरवशावर ४० पाउंडाची दोरी सोडायची नाही.